बिजागऱ्या

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
शाँ दास काल्देइरासमध्ये दूर अशी जागाच नाही.
जुन्या ज्वालामुखीच्या कोसळलेल्या पोटात गाव,
आणि गावाच्या उशाला नवा, काळा, टोकदार,
ज्याला इदालिना नुसतं 'वरचा' म्हणते.
देवासाठी तिच्याकडे वेगळा शब्द आहे.

ती राखेत द्राक्षं लावते.
वेलीला एकेक खड्डा,
खड्ड्यात रात्रीचं दव उतरेल तेवढंच पाणी.
पिंपांच्या खोलीत तिने मला समजावलं:
खाली रस आहे, खडकाचा,
घट्ट, वाफ मुरलेला.
वर चढतो तसा अंगावरचा भार हलका होतो
आणि मुरलेलं सगळं बुडबुडे होऊन सुटतं.
आंबत्या पिंपाचं बूच कोणी ठोकून बसवतं का?
बसवलं, तर असं होतं.
तिने छताकडे बोट दाखवलं.
जांभळा डाग होता. भावाचं, तिबुर्सिओचं काम.

इथेच का, मी विचारलं.
समुद्राच्या तळाखाली कुणीतरी चूल पेटवून ठेवलीय.
वरचा तवा सरकला असता
तर दुसरीकडे कुठेतरी करपलं असतं.
आमचा तवा हलता हलत नाही.

त्या वर्षी आधी शेळ्या अडल्या.
उतारावरचं गवत सोडून रस्त्यात येऊन उभ्या.
मग टाक्यातल्या पाण्यावर शहारे.
मग एका सकाळी तो फाटला,
शेंड्यातून नाही, बरगडीतून.

लाव्हा धावत आला, असं टीव्हीवर सांगत होते.
कुठला धावतोय.
म्हातारा चर्चला निघावा तसा आला,
थांबत, खाकरत, पुढचं पाऊल चाचपत,
फुटक्या काचांचं पोतं ओढल्यासारखा आवाज करत.

तेच वाईट, ती म्हणते.
पळायचं असतं तर निवडावं लागलं नसतं.
त्याने दोन दिवस दिले.
पत्रे उतरवले, खिडक्या, शिलाई मशीन,
नऊ पिंपं, आईचा फोटो,
फोटोमागचा खिळासुद्धा.
शेवटी दाराच्या बिजागऱ्या.
एक स्क्रू गंजलेला, निघेना.
शंभर पावलांवर शाळा जळत होती
आणि ही गुडघ्यावर बसून
थेंब थेंब तेल सोडत होती.

दार दोघांच्या खांद्यावरून उतरलं.
मागे घर उघडं.
'दार असतं तर त्याने वाजवलं असतं का?'
हे ती हसत विचारते.
मी हसावं की नाही, मला कळत नाही.

खाली सरकारने घर दिलं. त्याला दार होतं.
तिचं दार तीन वर्षं भिंतीला टेकून,
त्यावर कपडे वाळायचे.
तिबुर्सिओ तिथेच राहिला. झोप लागते म्हणाला,
यात लाजण्यासारखं काय.
ती परत आली, कातळ पुरता निवायच्या आत.
आधी दार उभं केलं,
मग त्याच्या मापाने घर.

जमीन अजून कोमट आहे.
मांजर फरशीवरून हलत नाही.
कोंबडी अंडी सोडून गावभर हिंडते,
तिचं अर्धं काम जमीनच करते.
मी अनवाणी उभी राहिले:
ताप उतरत आलेलं कपाळ.
'दोन पुरुष खाली माझी जुनी चूल,' ती म्हणाली,
'मी माझ्याच स्वयंपाकघराच्या माळ्यावर राहते.'

निवताना कातळ आकसतो.
दरवर्षी चौकट थोडी तिरकी होते.
आज सकाळी दार पुन्हा अडकलं
तेव्हा ती रंधा घेऊन आली. धर जरा, म्हणाली.
मी धरून उभी.
वरच्याच्या टोकावर पातळसं काही,
ढग असेल, वाफ असेल.
तिने मान वर केली नाही.
पांढरा कीस काळ्या जमिनीवर पडत राहिला.
काम झाल्यावर तिने तो ओंजळीत गोळा केला
आणि कोंबडीच्या खुराड्यात, अंड्यांखाली,
नीट पसरून ठेवला.