तीन मिनिटं

सुनावणी शाळेच्या जिममध्ये होती.
बास्केटबॉलची जाळी गुंडाळून वर बांधलेली,
खाली तीन साहेब, एक लघुलेखिका,
आणि टेबलावर
अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ.
प्रत्येकाला तीन मिनिटं.

मी दवाखान्यात फुंकायला लावते माणसांना.
नळी तोंडात धरा, म्हणते, जोरात, अजून, अजून,
आणि पडद्यावरची रेघ मधेच बसते
चढावर अडलेल्या खेचरासारखी.
ऑर्व्हिल स्टिडहमची रेघ मला पाठ आहे.
एकोणतीस वर्षं तो खाणीच्या छताला बोल्ट मारायचा.
आता दारापासून टपालपेटीपर्यंत
वर्नाने वाटेत दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात.

तो माइकशी आला. घड्याळ फिरलं.
"या शाळेच्या डोक्यावर," तो म्हणाला,
आणि श्वास घेतला.
"सॉल्टर्स फोर्कच्या वरच्या अंगाला,"
श्वास.
"तुम्ही जे गाळाचं धरण—"
मग खोकला. आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा,
पहाटे भिंतीपलीकडून येतो तो.
साहेबांनी वाट पाहिली. घड्याळाने नाही.
टर्रर्र.

वर्ना म्हणाली, माझी तीन मिनिटं त्याला द्या.
मधल्या साहेबाने कागद चाळला:
मिनिटं हस्तांतरित करता येत नाहीत, बाई.
आवाज वाईट नव्हता त्याचा.
कुणाचा तरी जावई असेल.

तेव्हा रांगेतला पुढचा, लॅफर्टीचा पोरगा,
जो कंपनीचाच ट्रक चालवतो
आणि वर्षभर आमच्याशी धड बोलत नाही,
त्याने टोपी काढली, नावगाव सांगितलं नाही,
म्हणाला, "—बांधताय, त्याच्या पायथ्याच्या विहिरीत"
आणि बाजूला झाला.

"जिच्या पाण्याने माझ्या चादरी नारिंगी झाल्या,"
"आणि विहिरीखालच्या वस्तीत"
"माझी आई, जिला पायऱ्या उतरत नाहीत,"
"आणि एकशे बारा पोरं, बस येते पावणेतीनला,"
कुणी पाच शब्द, कुणी तीन.
डेल्फा कोंबने नुसतं "आणि" म्हटलं
आणि रडायला लागली, तेही धरलं आम्ही.

माझ्या वाट्याला "जर" आला.
घरून दोन पानं लिहून आणली होती मी,
तक्ते, टक्केवारी, फुप्फुसांचे आकडे.
ती पर्समध्येच राहिली.
"जर," मी म्हटलं, आणि मागे पाहिलं तर
रांग दाराबाहेर, पार्किंगपर्यंत.

"एखाद्या रात्री ते फुटलं,"
"तर वर डोंगर, खाली ओढा,"
"रस्ता एकच, तोही ओढ्याकाठचा,"
"अंधारात,"
"आम्ही"
"कुठे"
क्रियापद यायला साडेनऊ वाजले.
इझ्रा पेनिंग्टन, जो चर्चमध्येसुद्धा
आमेन ओठातल्या ओठात म्हणतो,
माइक नको तितका जवळ ओढून म्हणाला:
"पळायचं?"

लघुलेखिकेने बोटं चोळली.
साहेबांनी आभार मानले.

नव्वद दिवसांनी पत्र आलं.
निर्णय पुढे ढकलण्यात येत आहे, असं काहीतरी,
आणि खाली बारीक अक्षरात
प्राप्त हरकती: एक.

वर्ना भडकली. एकेचाळीस माणसं उभी होतो, एकेचाळीस!
ऑर्व्हिलने पत्र दुसऱ्यांदा वाचायला लावलं.
हसला. हसणं परवडत नाही त्याला,
दुसऱ्या खुर्चीवर बसावं लागलं.
"पहिल्यांदाच," तो म्हणाला,
आम्ही थांबलो,
"बरोबर मोजलं."