काळी चार

डिसेंबर उतरायला लागला की माझ्या गिरणीत
दिवाळी दुसऱ्यांदा येते.
भाजणीचे डबे, लाडवांची हरभराडाळ,
झाकणांवर खडूनं नावं: पारखे, साळवे, रोझलीन ताई.
वडगाव शेरीतली आमची गल्ली सोडली
तर तोवर अख्ख्या पुण्याची चकली संपलेली असते.

पट्टा फिरत असला की फोन ऐकू येत नाही.
अगाथाबाईंचा मात्र कळतो.
"येताय ना चोवीसला? पेटीवर कुणी नाही."
म्हटलं, बाई, बारा वर्षं झाली,
मी आता तसा कशातच नाही.
"कशात असा-नसा," त्या म्हणाल्या,
"पोरं काळी चारात गातात
आणि तीच पट्टी दाबली की वर येत नाही.
कशी उचलायची ते तुम्हालाच माहीत."

खरंय.
आगकाडी अर्धी मोडून डाव्या अंगानं सारायची.
वडिलांनी दाखवलेलं. ते कॅटेकिस्ट, संगमनेरकडचे;
सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून पाच गावं करायचे.
त्यांना सगळे मास्तर म्हणत.

माझं भांडण झालं नाही कुणाशी.
फादर चांगले होते. बदलून दुसरे आले, तेही चांगले.
दाताचं होतं तसं झालं:
आधी नुसता हलला,
मग जिभेला चाळा लागला,
मग एका रविवारी भाकरीच्या घासात निघून आला.
रक्तसुद्धा नाही.

मग जायचं कशाला?
ज्या घरचं मीठ पटत नाही
तिथं पानावर बसू नये, हे वडीलच सांगायचे.
आणि न जायचं, ते तरी कशासाठी?
चोवीसला बायको माझा शर्ट इस्त्री करून
दाराच्या मागं अडकवते. दर वर्षी.
सव्वीसला कपाटात ठेवते.
मध्ये एक शब्द नाही.
बारा वर्षांत शर्ट तीन बदलले, खिळा तोच.

आमची मराठी मिस्सा साडेसहाला.
मग इंग्रजी, मोठी, मध्यरात्रीची, साडेआठला.
(दहानंतर स्पीकर बंद. पुण्यात बाळ येशूलाही
पोलीस चौकीची वेळ पाळावी लागते.)
आमच्या वेळी खुर्च्या मांडणं चालू,
त्यांच्या वेळी रोषणाई.
तरुणपणी मी चिडायचो.
वडील म्हणायचे, मेंढरंवाले आधी पोचले होते रे,
उंटवाले मागनं.

पेटी दुरुस्त करून येतो, म्हणालो.
तिनं दारामागून शर्ट काढून दिला.

काडी बसली. पट्टी उठली.
उठली तर वाजवून बघावी लागते,
वाजवली तर पोरं गायला लागतात,
आणि अर्ध्यात कुठं उठणार माणूस.
प्रिस्काचा आवाज वरच्या सा ला जरा फाटतो.
तिला खाली धरून ठेवण्यात
विश्वासाचा विचार करायला सवडच झाली नाही.

ख्रिस्तशरीराची रांग लागली.
पेटीवाल्याचं एक बरं असतं,
गाणं संपेपर्यंत त्याला कुणी बोलवत नाही.
एकेक जण हात पुढं करत होता,
आणि मी बघत होतो ती पातळ, गोल, गव्हाची चकती.
किती बारीक दळलं असेल,
हाच विचार आला, देवाशपथ.

रांग संपली. कडवंही संपत आलं.
फादर वाटी घेऊन गाणाऱ्यांकडं वळले.
बायको तिसऱ्या रांगेत, मान खाली.
माझा हात पेटीवर जड झाला,
उठायचं म्हणून की बसायचं म्हणून,
अजून सांगता येत नाही.

अगाथाबाई माझ्याकडं न बघता पुटपुटल्या,
"आणखी एक कडवं, मास्तर."

भाता ओढला.
काळी चारवर बोटाच्या चिरेतलं पीठ उमटलेलं.
पुसलं नाही.
हात रिकामा नव्हता.