लाकूड आटतं

होटगी रोडच्या हँगरात दुपारी अडीचला
पत्रा वाजतो. कुणी ठोकत नसतं. ऊनच.
दस्तगीर मास्तर मॅग्नेटोचा स्विच बंद असल्याचं बघतात,
मलाही बघायला लावतात,
किल्ली खिशात टाकून खिशाचं बटण लावतात
आणि म्हणतात, आता समज, चालूच आहे.

बंद केलं की मास्तर आत्ताच.
तार आतून सुटली असली
तर तुझ्या स्विचला कोण विचारतं बे?
पात्याच्या फेऱ्यात उभं राहायचं नाही.
मान हवी असली तर मान दे त्याला.

मी प्लग काढले, चाकांना ठोकळे लावले,
जुनी तार कापली.
जुलैत बसवला होता हा पंखा,
हवा ओली होती तेव्हा, लाकूड फुगलेलं.
आता बेचाळीस अंश.
लाकूड आटतं,
बोल्ट होता तेवढाच राहतो.

टॉर्क पाना लावला. आकडा पुस्तकातला,
माझ्या मनगटाचा नव्हे.
पहिला बोल्ट कट्ट म्हणायच्या आधी पाव फेरा फिरला.
दुसराही.
मास्तर म्हणाले, थांब. आवळू नकोस.
आवळलं की झाकलं जातं.

उतरवला.
हबच्या खाली लाकडावर काळं कडं,
तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या काठासारखं,
आणि एका भोकाचं तोंड लांबट झालेलं.
महिनाभर आत घासत होतं ते,
वर वॉर्निश चकाचक.

मल्लिनाथ येणेगुरे पाचच्या उड्डाणासाठी
साडेचारलाच गॉगल लावून आलेला.
एवढ्यानं काय होतंय, म्हणाला. कालच तर उडवलं.
मास्तर काही बोलले नाहीत.
त्याचं बोट धरून त्या काळ्या कड्यावरून फिरवलं.
बोट काळं झालं.
मग तो चहा सांगायला गेला आणि
चार कप घेऊन आला, आम्ही तिघंच असताना.

नवा पंखा आला अकरा दिवसांनी.
आधी मास्तरांनी बोटाच्या पेरानं तो वाजवून ऐकला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
त्यांचे आजोबा गाद्या पिंजायचे, नदाफच ते,
तात ढिली पडली की कापूस हात लावण्याआधी कळायचं त्यांना.
मला नुसतं टक टक ऐकू आलं. तसं सांगितलं.
हसले. ऐकत राहा, म्हणाले.

हबचं तोंड पुसलं. परत पुसलं.
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे,
एकाला पोटभर आणि दुसऱ्याला उपाशी असं नाही.
मग पात्याच्या टोकाशी स्टूल, स्टुलावर खडूची रेघ.
एक पातं रेघेवर थांबवलं, दुसरं हातानं आणलं, हळू,
अंग बाहेर ठेवून.
फरक दीड मिलिमीटर.
तीनपर्यंत चालतो. तरी मास्तर खाली बसून
बराच वेळ त्या दीडाकडं बघत होते.

तार मी वळली.
आमचे नायना मागावर तुटलेला धागा जोडतात
तेव्हा न बघता बोटं फिरवतात.
इथं बघावं लागतं:
बोल्ट सुटायला निघाला तर तारेनं त्याला
आवळायच्या बाजूलाच ओढायला हवं.
पहिल्यांदा उलटी वळली मी.
कापली. तळहातावर एक बारीक रक्ताची रेघ.
दुसऱ्यांदा बरोबर.

तासभर उडून आलं की परत टॉर्क.
पंचवीस तासांनी परत. पाऊस सुरू झाला की परत,
थंडी गेली की परत.
वहीत तारीख, आकडा, सही:
रेणुका इराबत्ती.
खाली मास्तरांची, उर्दू वळणाची.

जुना पंखा येणेगुरेला क्लबच्या भिंतीवर लावायचा होता.
मास्तरांनी करवत मागवली, मधोमध कापला.
भिंतीवरून उतरवून कुणी बसवला तर?
एवढा चांगला दिसतोय ना, म्हणाले, म्हणूनच.

संध्याकाळी विमान आत ढकलताना
पात्याला हात लावायचा नाही, तो काही दांडा नव्हे.
आणि शेवटी पंखा आडवा ठेवायचा.
उभा राहिला तर लाकडातली ओल
रात्रभर उतरते खालच्या टोकाला,
सकाळी एक पातं जड.

मी आडवा केला. दोन पावलं मागं येऊन बघितलं.
पुन्हा जाऊन बोटभर सारखा केला.