बावीस नग

पंचायतीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात
एक पावतीपुस्तक आहे, कसर लागलेलं.
त्यात माझ्या अक्षरात लिहिलंय:
भटकी कुत्री. नग बावीस. गाडीत भरून दिले.
खाली माझी सही, वळणदार.
तेव्हा मला तिचा अभिमान होता.

गाडी कुठे गेली, विचारलं नाही.
कारकुनाने विचारायचं नसतं,
बेरीज करायची असते.
संध्याकाळी गाडी रिकामी परत आली
आणि ड्रायव्हरने आमच्या नळावर
बराच वेळ हात धुतले,
एवढं मात्र आठवतं.

आता निवृत्त आहे. कोरगावच्या ग्रामसभेत
मागच्या बाकावर बसतो.
परवा विषय क्रमांक सात होता:
सुळेकरांच्या बंद काजूभट्टीत
आपोलिनाने ठेवलेली जनावरं.
एकोणीस कुत्री, मांजरं मोजून होत नाहीत,
आणि एक आंधळा बैल,
ज्याचा मालक कोण ते सगळ्यांना ठाऊक,
तोही सभेत बसलेला.

"रात्रभर भुंकतात."
"पंचायतीच्या पैशाने कुत्र्यांचं लाड-कौतुक?"
"एकेक सुई टोचा आणि मोकळे व्हा,"
प्रभुदेसाई म्हणाले.
त्यांना कुणी उलट बोललं नाही.
त्यांच्याच नातवाने पोटरीला चावा घेऊन
पाच सुया सोसल्या होत्या.

आपोलिना उठली. भाषण तिला येत नाही.
बांगड्याचा वाटा सांगावा तसं बोलली:
"आमी मारिनांव. इतलोच नेम.
पयशे मागिना. शिळें शीत दियात,
फाटकीं पोतीं दियात, आयतारा हातभार लायात."
मग म्हणाली, टोचून, ऑपरेशन करून, पोट भरून ठेवलेलं
सहसा चावत नाही.
सहसा, असंच म्हणाली. खात्री दिली नाही.
मला ते सहसा पटलं.

मग पिशवीतून शाळेची दोनशेपानी वही काढली
आणि वाचू लागली.
उंडो, पोदेराच्या सायकलमागे धावायचा.
शेवंती, मोरजीला शॅक उतरवला तेव्हा मागे राहिली.
मिशेल, मालक लिस्बनला गेले, गेटपाशी बांधून.
कोंबो, तीन पायांचा, हायवे.
कुणाचं नाव घेऊन बोट दाखवलं नाही,
तरी एकेक मान खाली जात होती.
बैलाचा मालक उठून बाहेर विडी ओढायला गेला.
एकोणिसाव्या नावावर ती थांबली.
मी थांबू शकलो नाही,
मनात वीस, एकवीस, बावीस म्हणत राहिलो,
आणि पुढे नाव एकाचंही येईना.

ठराव झाला नाही. पुढच्या सभेवर ढकलला,
सरपंचांना साखरपुड्याला जायचं होतं.

पण सोमवारी भट्टीच्या फाटकाला
कायतान पोदेराने कालच्या पोळ्यांची पिशवी अडकवली.
बारवाल्या दुलब्याने भाताचं पातेलं पाठवलं,
वर झाकण, झाकणावर दगड.
यशवंती शिंपिणीने जुन्या दप्तरांच्या पट्ट्यांचे
गळपट्टे शिवले, एकावर अजून
पाचवी ब अशी शाई आहे.
म्हापशाचा डॉक्टर एक गुरुवार सोडून येतो,
पेट्रोलचे तेवढे घेतो.

प्रभुदेसाई येत नाहीत.
त्यांची सून मागच्या वाटेने कण्या आणून ठेवते.
नातू रस्त्यापलीकडे उभा राहतो, हात खिशात.
एकदा तिथूनच त्याने विचारलं,
त्या लंगड्याचं नाव काय?
अजून आत येत नाही. घाई करू नये.

मला वही सांभाळायला दिलीय.
जुन्या सवयीने रकाने आखले
आणि वर नग लिहून बसलो.
खोडलं. खोडलेलं तसंच ठेवलंय.

काल पहाटे शेवंती गेली, पोत्यावर,
आपोलिनाचा हात पाठीवर असताना.
तारीख लिहिली. नाव लिहिलं.
कारणाच्या रकान्यात पेन थांबला,
मग लिहिलं: म्हातारपण.
हा शब्द कुत्र्यापुढे
मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला.
सही केली. वळण जमलं नाही.