णारा कोण?

गुरुवारी रात्री नऊला पानं यायची माझ्यापुढे,
हॅलिफॅक्सच्या एका साप्ताहिकाची,
सट्ट्याच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथे हीटर एकच, तोही संपादकाच्या पायाशी.
छापण्याआधी वाचायचं, हे माझं काम.
दावा कुठून येईल ते हुंगायचं.
शिकले वकिली, केली शिंपीणकी.

निकोला ब्रॅम्हिलने लिहिलं होतं,
अमुक कंपनीने ओढ्यात रंगाचं पाणी सोडलं.
सहा शब्द. चौदा महिन्यांची पायपीट.
तिच्याकडे बाटल्या होत्या, तारखा चिकटवलेल्या,
मार्चमधली जांभळी, मेमधली जवळजवळ काळी,
आणि एका टँकरवाल्याची सही,
मधेच पेन थांबलेली.

खरं आहे गं, मी म्हटलं.
पण खरं असणं आणि खरं ठरवणं
यांच्या मधे चार लाख पौंड आहेत
आणि आपला अंक जातो एक पौंड वीसला.

लंडनहून पत्र आलंच होतं.
जाड कागद, वर लिहिलेलं:
खाजगी. प्रसिद्धीसाठी नाही.
म्हणजे धमकी आली, हीसुद्धा बातमी नाही.
सांगलीत आजोबा म्हणायचे,
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
मी ते शहाणपण समजत होते.
त्या रात्री कळलं, हा कुणाचा तरी धंदा असतो:
पायरीच एवढी उंच बांधायची
की शहाणे आपोआप खाली थांबतील.

शाळेत करमरकरबाई सांगायच्या,
कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला "णारा" लावा
आणि विचारा, कोण?
मी उलट निघाले.
कर्तरीचा कर्मणी केला: पाणी सोडलं गेलं.
तरी सोडणारा कोण, हे उरतंच.
मग: ओढ्यात रंगाचं पाणी आढळलं.
वर एक "म्हणे" ठेवला.
ओढ्यात, म्हणे, रंग आढळला,
जशी पावसानंतर अळंबी आढळतात.

निकोलाने वाचलं. कोट घातला.
बाटल्यांची पिशवी उचलली
आणि काचेवर काच वाजत राहिली
पार खालच्या पायरीपर्यंत.

याला अकरा वर्षं झाली.
साप्ताहिक बंद पडलं, सट्ट्याचं दुकान आहे.
ओढा नितळ दिसतो; मी हात घालत नाही.

यंदा नव्या कायद्यासाठी समिती बसली.
तोंड बंद करायला लावलेला दावा
न्यायाधीशाने पहिल्याच दिवशी ओळखावा, फेकून द्यावा,
खर्चाचा डोंगर उभा राहण्याआधी.
एवढंच कलम. दीड पान.
मला साक्षीला बोलावलं वेस्टमिन्स्टरला.
बाहेर बाकावर एक कारकून सांगून गेला,
इथे बोलाल त्यावर दावा होत नाही, बाई.
सहज म्हणाला, स्वच्छतागृह डावीकडे आहे म्हणावं तसं.

उदाहरण द्याल का, अध्यक्षांनी विचारलं.
एक खासदार फोनमध्ये होता. पाण्याचा जग, झाकण घातलेला.
मी ते वाक्य म्हटलं.
निकोलाचं, सहा शब्दांचं, मुळातलं.
नोंद घेणाऱ्या मुलीने मान वर केली,
कंपनीच्या नावाचं स्पेलिंग?
मी एकेक अक्षर सांगितलं.
दोनदा सांगितलं.

विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं आहे.
त्याच्या पुढच्यावर जाईल, असंही म्हणतात.
निकोला आता हडर्सफील्डला गाडी शिकवते.
फोनवर म्हणाली, नावासकट?
नावासकट.
मग बराच वेळ फक्त इंडिकेटरची टिकटिक,
आणि कुणाला तरी: वळ, वळ आता, रस्ता मोकळा आहे.

या कवितेत ते नाव नाही.
कवितेवर संसदेचं छप्पर नसतं,
आणि माझ्या हाताला जुनी सवय.
तुम्ही ओढ्यापाशी गेलात तर
बाईंनी शिकवलं तसं विचारा,
मोठ्याने:
णारा कोण?