पिवळा क्रिस्टल

जालन्यात लोखंड वितळायला येतं,
देशोदेशीचं, कंटेनरमधून, वजनावर.
भट्टीत जाण्याआधी युनूसभाईची माणसं
तांबं, रबर, प्लास्टिक वेगळं काढतात,
आणि प्लास्टिकच्या ढिगात कधीमधी
एक गाडी निघते, वीतभर,
पोटात मोटर असलेली.
"ले जाव मास्टर, चालीस रुपै किलो."
ज्या पारड्यात आत्ताच कुणाचा तरी कुकर होता
त्यातच ती बसते.

मी मोटारी भरतो. विहिरीवरच्या, गिरणीच्या, कूलरच्या.
तीस वर्षं तांब्याची तार मोजून गुंडाळलीय,
वेढा चुकला की आधी बोटाला कळतं.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून
बाकड्यावर पेपर पसरतो
आणि या गाड्या उघडतो.

अख्खी एकही नसते.
हिचा सांगाडा जपानी, एका अंगाला चिरलेला,
सायकलच्या स्पोकनं आतून टाचलेला.
गिअरबॉक्स दुसरीचा. त्यात अजून वाळू होती,
पांढरी, बारीक, आपल्या कुंडलिकेची नव्हेच.
जिभेवर ठेवून पाहिली. खारट.
पुढचे हात तिसरीचे, त्यातला डावा किंचित आखूड.
शॉकअपमध्ये शिलाई मशीनचं तेल.
एका चक्रीचा दात तुटलेला,
तो पितळेचा घासून बसवायला तीन रविवार गेले,
चौथ्या रविवारी चक्रीच हातातून निसटून गडप झाली.
शैलजा म्हणाली, केरात बघितलं का?
केरातच होती.

वरचं टप मिळालं नाही.
बियाण्याचा जुना पत्र्याचा डबा कापून वाकवला.
बॉनेटवर 'संकरित' एवढीच अक्षरं उरली.
राहू दिली.

मग क्रिस्टल.
नखाएवढा, दोन पायांचा, डोक्यावर रंगाची पट्टी.
एक रिमोटात, एक गाडीत, दोन्ही एकाच रंगाचे लागतात,
नाहीतर तुम्ही बोलत राहता आणि समोरचं ऐकतच नाही.
हे ऐकून शैलजा नुसती हसली.
गाडीत पिवळा होता. त्याचा जोडीदार
पैठण गेटला विचारला, परभणीच्या रेडिओवाल्या दस्तगीरांकडे विचारला.
ते वारले होते.
मुलानं त्यांचं सगळं खोकं एसटीनं पाठवून दिलं,
कंडक्टरच्या हाती, पैसे न घेता.
तळाशी पिवळा.

बंद जिनिंगच्या आवारात गेलो, सहाच्या सुमारास.
भिंतीच्या खपल्यांत अजून रुई अडकलेली.
काडी पुढं ढकलली आणि निघाली की ती,
पत्रा थडथडवत, डावीकडं ओढ घेत,
पाच मेलेल्या गाड्यांची एक.

मग मी काही न करता वळली.
थांबली. पुन्हा वळली, डावीकडंच.
जोडण्या पाहिल्या, घट्ट होत्या.
रिमोट बंद करून फरशीवर ठेवला, दूर सरकलो.
चाकं वळली.

भिंतीवर पोरगं बसलं होतं,
वाघमाऱ्यांचा प्रणित.
हातात लाल रिमोट, झाकणाच्या जागी चिकटपट्टी.
"गाडी कुठंय तुझी?"
"नाल्यात गेली. दिवाळीलाच."
"मग हे काहून दाबायला?"
"असंच. चालू हाय का बघतो रोज."
आणि माझ्या गाडीकडं बघत, हळूच,
"चालू हाय."

उपाय सोपा आहे, रंग बदलायचा.
दस्तगीरांच्या खोक्यात निळ्याची जोडी आहे, अख्खी,
कागदात गुंडाळलेली, वर त्यांच्या अक्षरात आकडा.
अजून लावलेली नाही.

रोज सहाला आवारात जातो.
पुढं आणि मागं माझ्याकडं,
डावीकडं त्याच्याकडं.
उजवीकडं जायचं असलं
की आम्ही डावीकडून पूर्ण फिरून येतो.