स्रोत सतरा

नऊ वाजून बारा मिनिटांनी
भूछत्रांवरचं व्याख्यान संपलं.
सभागृहात चोवीस माणसं, ऑनलाइन अकरा,
त्यातला एक मीच, मोबाइलवर, आवाज जातोय का बघायला.
आभार झाले. आभार मानणाऱ्यांचेही झाले.
'प्रक्षेपण थांबवा' दाबलं, ते थांबलं.
मग कोपऱ्यातल्या फुलीवर गेलो
आणि खिडकी पांढुरकी झाली,
दुधावर साय धरावी तशी.

प्रतिसाद देत नाही.

गेले चार महिने हेच.
चालू असताना एक तक्रार नाही,
तीन तास राबेल, पंखा घरघरेल, फ्रेम सोडणार नाही.
निघायचं म्हटलं की मात्र
आमच्या नळस्टॉपच्या आत्यासारखं:
पर्स खांद्याला, चप्पल पायात,
'येते हं' तीनदा म्हणून झालेलं,
आणि दारातच चाळीस मिनिटं.

लोखंडे काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे.
"वाढवायचं का?"
काका 'बंद' म्हणत नाहीत.
हयात लक्ष्मी रोडला कापडाच्या दुकानात गेली,
तिथे दुकान वाढवतात, दिवा वाढवतात, नारळही.
"बंद पडतं ते घड्याळ," असं त्यांचं म्हणणं.
"काका, पाच मिनिटं. हे वाढत नाहीये."

मारून टाकता येतं, नाही असं नाही.
तीन बोटं एकदम, यादी, टिचकी, खलास.
पण जुलैत तसं केलं
आणि डॉ. पळसुल्यांची दीड तासाची फुलपाखरं
नऊ केबीची फाइल होऊन पडली.
ते फोनवर रागावले नाहीत.
पुण्यात हे वाईट लक्षण.

घरी, दांडेकर पुलाजवळ, रात्री साडेअकरा.
प्लगइन एकेक काढून पाहिलं,
डॉक्टर म्हणतात ना, आठवडाभर गहू सोडा,
मग दूध सोडा, तसं.
ड्रायव्हर जुना घातला.
अँटिव्हायरसला बाहेर बसवलं.
दर वेळी उघडायचं, मिटायचं, मोजायचं:
एक्केचाळीस सेकंद. अनंत. अनंत.
मध्येच एकदा सहा, उगाच, आशा लावायला.
तौफीक म्हणाला, "दादा, लॉग वाच ना,
शेवटची ओळ काय म्हणते?"
हा मुलगा माझ्याकडे ट्रायपॉड उचलायला आला होता.

शेवटची ओळ म्हणत होती:
स्रोत सतरा थांबण्याची वाट पाहत आहे.

सोळापर्यंत सगळे ओळखीचे.
सतरा सापडला एका झाकलेल्या दृश्यात,
मिटल्या डोळ्याच्या चिन्हाखाली.
नाव मीच दिलेलं, 'विद्वांस मॅडम, धायरी'.
टाळेबंदीत त्या शेवाळावर बोलल्या होत्या,
मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून.
मागे कुकर. बोलता बोलता म्हणाल्या,
"तीन झाल्या की गॅस बंद करा रे कुणीतरी."

तेव्हापासूनच तो तिथे. चार महिन्यांपूर्वी आवृत्ती बदलली,
आणि नवी आवृत्ती शिष्टाचाराची निघाली:
निघताना प्रत्येकाला विचारते, झालं का तुमचं?
कॅमेरे हो म्हणतात. माइक हो म्हणतो.
प्रायोजकाची पट्टीसुद्धा.
धायरीच्या त्या पत्त्यावर विचारते
आणि थांबते.
मॅडम आता मुलाकडे नाशिकला,
तो फोन कुणाला दिला त्यांनाही आठवत नसेल.
उत्तर आल्याशिवाय उठावं कसं
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

स्रोत काढून टाकायचा? खात्री आहे?
"हो दाब दादा, मला सकाळी कॉलेज आहे."
दाबलं.
दोन सेकंद.
पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दोन.
आठ वेळा केलं, खोटं नाही सांगत.

पुढच्या शनिवारी काका किल्ल्या घेऊन आले
तेव्हा माझी बॅग भरलेली, वायरी गुंडाळलेल्या.
"अरे? आज लगेच?"
जरा हिरमुसलेच.
इतके महिने त्या पांढुरक्या खिडकीसमोर
ते मला दुकानातलं सांगायचे,
आणि बारा पैठण्या उलगडायला लावणारी एक बाई
गेल्या शनिवारी गादीवर तशीच बसून राहिलेली.

काकांनी दिवे वाढवले, कुलूप ओढून पाहिलं, दोनदा.
मी स्कूटरला किल्ली लावली, 'येतो' म्हटलं,
किल्ली काढली.
"मग घेतली का हो तिने शेवटी?"